नट-बोल्टची दुनिया उभारणारे फ्रँक हॉर्नबी



लहानपणी छोटी मोटारगाडी जमिनीवर पळवली नाही असा मुलगा किंवा मुलगी मिळणे कठीण आहे. आपण मोठे होतो आणि ती गाडी माळ्यावर जाते. पण जगात हजारो लोक असे आहेत की ज्यांची ही आवड मोठेपणीही सुटत नाही. ते खऱ्या मोटारीची हुबेहूब छोटी प्रतिकृती स्वतः जोडतात, जुन्या खेळण्यातल्या गाडीचा रंग उतरवून नवा देतात, चाके बदलतात, टप कापून उघडी गाडी करतात. स्केल मॉडेल बनवण्याचा हा छंद आज जगभर आहे. या छंदाची पायाभरणी ज्या थोड्या लोकांनी केली त्यांत इंग्लंडमधील फ्रँक हॉर्नबी यांचे नाव फार वर लागते. मेकॅनो हा शब्द तर आपल्या मराठी घरांतही इतका रुळला आहे की कोणत्याही कंपनीच्या नट-बोल्टच्या खेळाला आपण मेकॅनोच म्हणतो. तो शब्द ज्यांनी जगाला दिला, त्यांची ही ओळख.

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूल या बंदराच्या शहरात झाला. वडील जॉन हॉर्नबी किराणा व खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. घरात कोणी इंजिनिअर नव्हता, की कारखानदार नव्हता. फ्रँक यांनी सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि वडिलांच्या दुकानात रोखपालाचे काम करू लागले. कॉलेजचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मात्र वाचनाची गोडी होती. स्वतःच्या मेहनतीवर मोठ्या झालेल्या संशोधकांच्या कथा त्यांनी मनापासून वाचल्या होत्या. त्या वाचून त्यांनीही घरी खटपटी सुरू केल्या. एकदा तर इंधनाशिवाय कायम फिरत राहणारे यंत्र बनवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. विज्ञानाचे नियम तुम्ही शिकला आहात, तेव्हा असे यंत्र होऊ शकत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांचेही झाले नाही. पण हाताला कापायची, घासायची, जोडायची सवय लागली.

१८८७ मध्ये त्यांचे लग्न क्लारा गॉडफ्रॉय यांच्याशी झाले. क्लारा शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना रोलंड आणि डग्लस ही दोन मुले आणि पॅट्रिशिया ही मुलगी झाली. १८९९ मध्ये वडील वारले आणि घरचा धंदा बंद झाला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हॉर्नबी यांना दुसऱ्याकडे नोकरी धरावी लागली. डेव्हिड एलियट नावाचे मांस आयात करणारे व्यापारी होते. त्यांच्या कचेरीत हॉर्नबी हिशेबनीस झाले. दिवसभर जमाखर्चाच्या वह्या आणि संध्याकाळी घरी मुलांबरोबर खेळ, असे त्यांचे जीवन होते. त्या काळी अशा माणसाबद्दल हा पुढे जगप्रसिद्ध होईल असे कोणाला वाटले नसते.

मुलांसाठी ते पत्र्याचे तुकडे कापून पूल, क्रेन, गाड्या बनवत. अडचण एकच होती. प्रत्येक खेळण्यासाठी वेगळे तुकडे कापावे लागत. क्रेनचा जीव रमून झाला की ते तुकडे दुसऱ्या कशाला उपयोगी पडत नसत. या अडचणीवर उत्तर कसे सुचले ते त्यांनी पुढे स्वतःच सांगून ठेवले आहे. नाताळच्या आदल्या दिवशी ते आगगाडीने प्रवास करत होते. खिडकीतून मालधक्क्यावरची एक छोटी क्रेन दिसली. ती पाहता पाहता त्यांच्या मनात आले की सगळे तुकडे एकाच मापाचे केले आणि प्रत्येकात सारख्या अंतरावर भोके पाडली तर? मग कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला बोल्टने जोडता येईल. आज क्रेन, उद्या ती उकलून पूल, परवा मोटारगाडी. तुकडे तेच, वस्तू नवी.

ऐकायला सोपी वाटणारी ही कल्पना किती विचारपूर्वक अमलात आली ते पाहण्यासारखे आहे. पट्टीची रुंदी अर्धा इंच आणि दोन भोकांमधले अंतरही अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. हे माप पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ बदलले नाही. त्यामुळे आजोबांच्या पेटीतली पट्टी नातवाच्या पेटीतल्या पट्टीला बरोबर बसते. भोक दोन कामे करते. त्यात बोल्ट घातला की सांधा तयार होतो, आणि त्यातून गोल सळई आरपार घातली की तीच चाकाची आख होते. गिअरचे गणितही याच अंतरावर बसवलेले आहे. मेकॅनोतले १९ दात्यांचे छोटे चाक आणि ५७ दात्यांचे मोठे चाक यांच्या आखा एक इंच अंतरावर, म्हणजे एक भोक सोडून पुढच्या भोकात ठेवल्या की दाते एकमेकांत बरोबर बसतात. ५७ भागिले १९ म्हणजे ३. छोटे चाक तीन वेळा फिरेल तेव्हा मोठे एकदा फिरेल. वेग एक तृतीयांश झाला, पण फिरवण्याचा जोर जवळजवळ तिप्पट झाला. खरी मोटार चढावर पहिल्या गिअरमध्ये का घालतात याचे उत्तर या दोन चाकांत आहे.

सुरुवातीला योग्य मापाचे नट आणि बोल्ट बाजारात मिळत नव्हते, म्हणून तेही हॉर्नबींनी स्वतः बनवले. पेटंट घेण्यासाठी मात्र पैसे नव्हते. त्यांनी आपल्या मालकाकडून, एलियट यांच्याकडून, पाच पौंड उसने घेतले आणि १९०१ मध्ये पेटंट मिळवले. त्या पेटंटच्या नावात खेळणे आणि शिक्षणाचे साधन असे दोन्ही उल्लेख आहेत हे लक्षात ठेवा. एलियट यांचा मोठेपणा असा की आपला हिशेबनीस संध्याकाळी खेळणी करतो म्हणून ते रागावले नाहीत. उलट कचेरीशेजारची रिकामी जागा दिली आणि भागीदार झाले. चांगल्या माणसाला वेळेवर चांगला माणूस भेटावा लागतो, तो असा.

१९०२ मध्ये पहिली पेटी विक्रीस आली. तिचे नाव मेकॅनिक्स मेड ईझी, म्हणजे यंत्रशास्त्र सोपे करून सांगणारी पेटी. किंमत साडेसात शिलिंग. आत १६ प्रकारचे भाग आणि माहितीचा एक कागद. पट्ट्या ओबडधोबड होत्या आणि दुकानदार पेटी ठेवून घ्यायला तयार नव्हते. तयार खेळणे विकले जाते, पण जे खेळणे अजून झालेलेच नाही ते कोण विकत घेणार, असा त्यांचा विचार. अशा वेळी लिव्हरपूल विद्यापीठात इंजिनिअरिंग विभागाचे प्रमुख असलेले प्राध्यापक हेली-शॉ यांनी ही पेटी पाहिली आणि तिची लेखी शिफारस केली. त्याने धीर आला. तरी धंद्यात पहिला नफा दिसायला १९०६ साल उजाडले. म्हणजे पेटंटनंतर पाच वर्षे. एवढ्या काळात कितीतरी लोकांनी नाद सोडला असता.

१९०७ मध्ये मेकॅनो हे नवे, छोटे आणि कोणत्याही भाषेत उच्चारता येईल असे नाव नोंदवले गेले. १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. १९१२ मध्ये पॅरिसला शाखा निघाली, बर्लिनलाही काम सुरू झाले. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीतला व्यवसाय हातचा गेला. पण हॉर्नबी थांबले नाहीत. १९१६ मध्ये त्यांनी मेकॅनो मॅगझिन सुरू केले. त्यात नवीन मॉडेलची माहिती असे, तसेच पूल, जहाजे, इंजिने यांवर लेखही असत. १९१९ मध्ये मेकॅनो गिल्ड या नावाने मुलांच्या मंडळांना एकत्र आणले. मुलांनी स्वतः शोधलेल्या मॉडेलच्या स्पर्धा होत, बक्षिसे मिळत. त्या काळाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांच्या जाहिरातींत नेहमी मुलगेच असत. पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर मुलीच्या हातातही तितकाच शोभतो, हे त्या काळच्या समाजाला सुचले नव्हते. आपल्याला ते सुचायला हरकत नाही.

आता मोटारगाड्यांकडे येऊ. १९२० नंतरच्या काळात मोटार हे सर्वांत मोठे आकर्षण होते. मेकॅनोच्या भागांपासून मोटारीची चासी बनवण्याची सविस्तर कृती कंपनीने छापली. ही नुसती दिसायची गाडी नव्हती. त्यात गिअरबॉक्स होता, स्टिअरिंग होते आणि डिफरन्शियल होता. डिफरन्शियल म्हणजे काय? गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच आखेवर घट्ट बसवली तर एक चाक घसटत जाईल. म्हणून मध्ये गिअरची अशी रचना करतात की इंजिनाची ताकद दोघांना मिळते, पण वेग वेगवेगळा राहू शकतो. पुस्तकात हे तीन वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही. हाताने एकदा जोडले की जन्मभर विसरत नाही.

१९३२ मध्ये कंपनीने खास मोटार जोडण्याची पेटी आणली. त्यात चावीचे इंजिन, चासी, पत्र्याचे मडगार्ड, रेडिएटर, आसने आणि बॉडीचे वेगवेगळे भाग होते. त्याच चासीवर आज शर्यतीची गाडी, उद्या बंद टपाची गाडी करता येई. आज छंदी लोक ज्याला कस्टमाइझ करणे म्हणतात, म्हणजे मूळ गाडीला आपल्या पसंतीचे रूप देणे, त्याची ही तयार शिदोरीच होती. आपल्या मालव्यात याला कोणी जुगाड म्हणेल. पण जुगाडात आणि यात फरक आहे. जुगाड वेळ निभावून नेतो. इथे मात्र प्रत्येक बदल मापात बसलेला असतो.

या छंदातले दुसरे मोठे पाऊल जवळजवळ नकळत पडले. १९२० पासून कंपनी हॉर्नबी नावाने चावीच्या आगगाड्या बनवत होती. या पहिल्या गाड्याही नट-बोल्टने जोडलेल्या, उकलता येणाऱ्या होत्या. आगगाडी आली म्हणजे स्टेशन आले, स्टेशनाबाहेर मोटारी हव्यात. म्हणून १९३३ च्या अखेरीस सहा छोट्या धातूच्या गाड्यांचा एक संच निघाला. त्यात दोन मोटारी, एक ट्रक, एक मालाची व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा होता. आगगाडीच्या देखाव्याची शोभा एवढेच त्यांचे काम. पण मुलांना त्या इतक्या आवडल्या की १९३४ मध्ये त्यांना डिंकी टॉइज हे स्वतंत्र नाव मिळाले आणि बघता बघता त्यांची स्वतःची दुनिया तयार झाली.

इथे थोडे गणित करू. ब्रिटनमधल्या या मापाच्या आगगाड्यांत खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर धरत. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याला ७ ने भागा. उत्तर येते सुमारे ४३.५. म्हणजे खरी वस्तू मॉडेलपेक्षा साधारण ४३ पट मोठी. आज जगभर संग्राहक ज्या १:४३ प्रमाणातल्या मोटारी जमवतात, ते विचित्र वाटणारे प्रमाण असे आगगाडीच्या रुळांवरून आले आहे. आपल्या ओळखीची अ‍ॅम्बेसेडर सुमारे ४.३ मीटर लांब. तिला ४३ ने भागले की १० सेंटिमीटर. बरोबर तळहातावर मावेल एवढी. सुरुवातीच्या डिंकी गाड्या या प्रमाणात अगदी काटेकोर नव्हत्या, पण पुढे हेच माप रूढ झाले.

१९३४ च्या एका मालिकेत हॉर्नबींची जुनी युक्ती पुन्हा दिसते. त्यात आठ प्रकारच्या गाड्या होत्या. रुग्णवाहिका, लिमोझिन, खेळाची दोन आसनी गाडी वगैरे. पण खालची चासी सगळ्यांना एकच. फक्त वरची बॉडी निराळी. त्याच काळातल्या व्हॅनवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या जाहिरातींची चित्रे चिकटवलेली असत. व्हॅन तीच, रंग आणि चित्र बदलले की नवी गाडी. जुन्या गाडीला नवा रंग देऊन स्वतःची खास गाडी करणारा आजचा छंदी माणूस याच वाटेने जातो.

या गाड्यांनी एक कडक धडाही दिला. त्या जस्ताच्या मिश्रधातूत साच्यातून ओतलेल्या असत. धातूत शिशासारखी अशुद्धी थोडी जरी राहिली तरी काही वर्षांनी आतून भेगा पडतात, चाके फुगतात आणि गाडी हातात चुरा होते. महायुद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी गाड्या अशा नष्ट झाल्या आहेत. वरून रंग सुंदर होता, दोष आत होता आणि तो दिसायला वर्षे लागली. तुम्हाला मी याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आणखी एक सूचना. जुन्या धातूच्या गाडीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग घरी कोरडा घासू नका, मोठ्यांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

हॉर्नबी श्रीमंत झाले. १९३१ मध्ये ते लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षातर्फे ब्रिटिश संसदेवर निवडून आले. १९३५ च्या निवडणुकीत मात्र ते उभे राहिले नाहीत. तब्येत साथ देत नव्हती. मधुमेह होता, हृदयविकार होता. २१ सप्टेंबर १९३६ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लिव्हरपूलजवळच्या मॅघल गावी त्यांची समाधी आहे.

त्यांच्या हयातीत घडलेली एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांना अवघड समीकरणे सोडवणारे गणनयंत्र हवे होते. असे यंत्र अमेरिकेत तयार झाले होते, पण ते फार महाग होते. त्यांनी ते आधी मेकॅनोच्या भागांतून जोडून पाहिले, आणि ते चालले. त्याने अणूंसंबंधीची खरी गणिते सोडवली. हिशेबनिसाने मुलांसाठी कापलेल्या पट्ट्या विद्यापीठात जाऊन बसल्या. पेटंटमध्ये लिहिलेला शिक्षण हा शब्द असा खरा झाला.

पुढची कथा थोडक्यात. १९६४ मध्ये कंपनी दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली. डिंकीचे काही जुने साचे भारतात कलकत्त्याला आले आणि तिथे निकी टॉइज नावाने गाड्या निघाल्या. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी त्या खेळलेही असतील. १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद पडला. कारखाने बंद होतात, पण अर्ध्या इंचाचे ते अंतर आणि १:४३ हे प्रमाण अजून टिकून आहे.

मित्रांनो, ही जीवनकथा निवडण्यामागे एक कारण आहे. आजकाल शाळेत प्रोजेक्ट सांगितला की पुष्कळ घरांत तो स्टेशनरीच्या दुकानातून तयार येतो. थर्मोकोलचा ज्वालामुखी, रंगीत कागदाचे धरण, वर छान अक्षरात नाव. त्याला गुणही मिळतात. पण तो करताना मुलाचे बोट एकदाही चिकटलेले नसते, की एकदाही माप चुकलेले नसते. हॉर्नबींच्या पेटीची खरी किंमत हीच होती की ती अपुरी होती. उरलेले काम मुलाकडे ठेवलेले होते. पालकांना माझी विनंती आहे की मुलांच्या वस्तू थोड्या अपुऱ्या राहू द्या. वाकडे झाले तरी त्यांचे त्यांना करू द्या. आणि ज्यांचे गुणपत्रिकेतले आकडे लहान आहेत त्या मुलांच्या हाताकडेही एकदा पाहा. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्या हिशेबनिसाच्या हातात काय होते हे कोणत्याही गुणपत्रिकेत आले नसते.

महाग पेटी हवीच असे नाही. घराजवळ उभी असलेली कोणतीही गाडी निवडा. टेपने तिची लांबी, रुंदी, उंची आणि चाकांमधले अंतर मोजा. प्रत्येक आकडा २४ ने भागा, कारण १:२४ हे नवशिक्यासाठी सोयीचे मोठे प्रमाण आहे. जुन्या बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, आखेसाठी संपलेल्या पेनाची रिफिल आणि चाकांसाठी बाटल्यांची झाकणे घ्या. चासी आधी करा, ती सरळ चालली की मगच बॉडी करा. एकाच चासीवर बसतील अशा दोन बॉडी करता आल्या तर फारच उत्तम. पुढच्या विज्ञान-मेळ्यात ही गाडी टेबलावर मांडा आणि शेजारी तुमच्या मोजमापाचा कागद ठेवा. खाडाखोड असेल तरी चालेल. मी गाडीआधी तो कागद पाहीन.